कोल्ड रूमकडून जाणारी पाकिटं

६ जानेवारी २०२५, सोमवार

दुपारी एक ते चार नेट असं रखडलं की कंटेनरची कागदपत्रं वाशीला पोचलीच नाहीत. रंजिता मॅडमचे चार फोन आले. त्या वाशीच्या एक्स्पोर्ट कंपनीत आमच्याकडची केळी बघतात. आमचं पॅकहाउस त्यांच्याच जिवावर चालतं, म्हणून त्यांचा फोन आला की आमचे मालक हेमराजभाऊ खुर्चीतून उठून उभ्याने बोलतात. फोन ठेवला की बसतात आणि मला बोलतात.

मी इथली आयटी. एकटीच. नोकरी मिळाली ती डिप्लोमावर, पण डिप्लोमा कोणी पाहिलाच नव्हता, रूपचंदकाकांनी शब्द टाकला म्हणून मिळाली. दोन वर्षं प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढतेय. आता भाऊ म्हणाले, नेट कोण खातंय ते शोधून काढ. खरं सांगायचं तर बोलणी खाऊनही आज मी खुशीत आहे. शिकलेलं काहीतरी कामाला येईल.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कोल्ड रूमचं सगळं त्यांच्याकडे. आमच्या ब्राह्मणपुरी गावाहून त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून मी जाते-येते. आज वाटेत त्यांचा मोबाईल मागितला, तर त्याचं कुलूप काय? गाडीचा नंबर! एटीएमलाही तोच. मी म्हटलं, काका, चोराला गाडी बघूनच सगळं कळेल. तर म्हणतात, "मन्ही गाडीकडे चोरबी देखत नही, बेटा."

८ जानेवारी, बुधवार

भाऊंना समजावून सांगायचंय, म्हणून आधी इथे नीट लिहून बघते.

नेटवरून जे काही जातं ते छोट्या छोट्या पाकिटांतून जातं. प्रत्येक पाकिटावर कुठून निघालं, कुठे चाललं, आणि कोणत्या दाराने बाहेर पडलं त्या दाराचा नंबर असतो. मुख्य स्विचवरून जाणाऱ्या सगळ्या पाकिटांची नक्कल मी माझ्या लॅपटॉपवर घेणार. सॉफ्टवेअर ती एकाखाली एक मांडून दाखवतं, आणि 'प्रोटोकॉल' नावाच्या कॉलममध्ये लिहितं की हे पाकीट कोणत्या प्रकारचं आहे. हे मेल, हे वेबसाइट, हे अमुक, हे तमुक. कॉलेजात एकच प्रॅक्टिकल झालं होतं याचं. सरांनी दिलेल्या फायलीत सगळं बिनचूक ओळखू आलं होतं.

भाऊंनी एवढं सगळं ऐकून एकच विचारलं, "कोल्ड रूमकडथूनच व्हई ना?" मी म्हटलं, अजून बघितलं नाही. "देख ना. तठूनच व्हई." भाऊंचा अंदाज सहसा चुकत नाही.

त्यांच्या साडूंचा मुलगा नवनीत नंदुरबारहून आलाय. सध्या रिकामाच आहे म्हणे. दिवसभर काकांच्या केबिनमध्ये बसून किती डिग्री ठेवता, कधी दार उघडता, विचारत होता. काकांनी सगळं हौसेने दाखवलं. तेरा-साडेतेरा, त्याच्या वर गेलं की केळी पिकायला लागते. काकांना कोणी विचारणारं भेटलं की झालं. कधी गप्प बसावं हे त्यांना कळत नाही. डिसेंबरातही तेच. तापमान वर गेलं होतं का, असं रंजिता मॅडमनी फोनवर सहज विचारलं आणि काकांनी होय सांगून टाकलं. तो अख्खा कंटेनर नाकारला गेला, आणि भाऊ पंधरा दिवस काकांशी बोलले नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

सापडलं.

बारा वाजता पाकिटं पकडायला सुरुवात केली, वीस मिनिटांत पुरेशी झाली. पडदा भराभर वर सरकत होता आणि त्यातल्या चारातल्या तीन ओळींवर एकच नाव: टॉरेंट. दार क्रमांक ६८८१. सगळं कोल्ड रूमच्या पत्त्यावरून बाहेर जात होतं.

टॉरेंट म्हणजे लोक सिनेमे फुकटात उतरवतात आणि दुसऱ्यांना देतात, ते. कोल्ड रूममध्ये एक छोटा राउटर आहे, त्याच्यामागचं सगळं बाहेरून एकाच पत्त्याचं दिसतं. पण त्याच्यामागे कॉम्प्युटर एकच आहे, आणि त्याच्यासमोर माणूसही एकच.

मी पुन्हा पकडून बघितलं. तेच आलं. पुस्तकातही ६८८१ म्हणजे टॉरेंटचं दार असंच छापलंय. ओळीच्या शेवटी प्रत्येक ठिकाणी 'पुढची माहिती चालू' असं काहीसं इंग्रजीत येत होतं, तेवढं कळलं नाही. असेल काही.

येताना गाडीवर मी एक शब्द बोलले नाही. काका विचारत होते, तब्येत बरी नाही का.

११ जानेवारी, शनिवार

दोन दिवस विचार केला. आईला विचारलं नाही, तिने मला गप्प बसवलं असतं. पण नातं बघून अहवाल लिहायचा असेल तर शिकायचं कशाला? उद्या नेटवर दुसरा कोणी सापडला तर मी कोणत्या तोंडाने बोलू?

एक पान लिहिलं. तारीख, वेळ, पत्ता, दार, प्रोटोकॉल. नाव कोणाचंच लिहिलं नाही, फक्त 'कोल्ड रूम येथील संगणक' असं लिहिलं. खाली सही केली. पाच वाजता भाऊंच्या सांगण्यावरून ६८८१ बंद केलं आणि नेट लगेच मोकळं झालं. भाऊंनी स्वतः माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "सोताना काकाले बी सोडं नही. अशी पोर पाहिजे."

मला फार बरं वाटलं. ते लपवून काय करू.

१३ जानेवारी, सोमवार

काकांना ऑफिसात बोलावलं. मी तिथेच होते, नवनीतही होता.

भाऊ म्हणाले, "रूपचंदभाऊ, कॉम्प्युटरवर काय काय देखतस तुम्ही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "हां, कव्हय कव्हय गाना लावस. अहिरानी गाना. दुपारले झोप येस म्हनीसन."

"म्हनजे कबूल शे."

"गानाच लावस, भाऊ. आजून काही नही."

भाऊंनी माझं पान पुढे सरकवलं. काकांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. त्यांना त्यातलं काय कळणार? माझी सही कळली. सहीवर बोट ठेवून म्हणाले, "दामिनीनं लिखेल शे?" मी मान हलवली. मग त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. ते म्हणाले असते की हे खोटं आहे, तर मी पुन्हा तपासलं असतं. पण ते म्हणाले, "तिनं लिखेल शे तर व्हई काहीतरी."

उद्यापासून येऊ नका, असं भाऊ म्हणाले. काकांनी चाव्या टेबलावर ठेवल्या. नवनीतने त्या लगेच उचलल्या, कोल्ड रूम बंद ठेवून चालत नाही ना.

संध्याकाळी काका फाटकाशी गाडी घेऊन उभे होते. माझ्यासाठी थांबले होते. मी मागच्या बाजूने निघाले आणि काळीपिवळीने घरी आले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आई तिळगूळ घेऊन काकांकडे जाऊन आली. माझ्याशी बोलत नाही. मी गेले नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

भाऊंनी माझं पान 'पॅकहाउस परिवार' ग्रुपवर टाकलंय. सोमवारीच टाकलं होतं, मी आज पाहिलं. खाली कोणीतरी विचारलं, टॉरेंट म्हणजे काय? नवनीतने लिहिलं, गंदे पिक्चर. आणि हसणारे चेहरे. पॅकहाउसमध्ये ब्राह्मणपुरीची निदान वीस माणसं आहेत.

मी कुठे असं लिहिलं होतं? सिनेमे म्हणजे तसलेच सिनेमे असं मी कुठेही म्हटलं नव्हतं.

दुपारी रंजिता मॅडमचा मेल आला. कोल्ड रूमचा कॅमेरा शनिवारी संध्याकाळी पाचपासून बंद आहे, कृपया तातडीने बघावं. दिवाळीनंतर त्यांनी ऑफिसात मोठा टीव्ही लावलाय, त्यावर त्यांच्या सगळ्या पॅकहाउसचे कॅमेरे दिवसभर चालू असतात. संक्रांतीच्या सुट्टीमुळे त्यांना उशिरा कळलं.

शनिवारी संध्याकाळी पाच.

त्याच वेळी मी ६८८१ बंद केलं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी ६८८१ उघडलं. उघडण्याआधी लॅपटॉप लावून बसले, म्हणजे नव्याने बोलणं सुरू होईल ते पहिल्या पाकिटापासून सापडेल. गेल्या वेळी ते आधीपासून चालूच होतं, सुरुवात माझ्या हाती लागलीच नव्हती. टॉरेंट असेल तर सुरुवातीलाच त्याचं नाव अक्षरांत लिहिलेलं येतं, तशी त्याची रीतच आहे.

नाव आलं नाही. कॉलममध्ये पुन्हा टॉरेंटच लिहून आलं, पण या वेळी मी पाकीट उघडून आत बघितलं. आत लिहिलं होतं, कोल्डरूम दोन, आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचं लॉगिन. ते रेकॉर्डर काकांच्या टेबलाखाली आहे, त्याच छोट्या राउटरला जोडलेलं. वाशीचा टीव्ही दिवसभर त्यातून चित्र ओढत होता. नेट तो टीव्ही खात होता.

सॉफ्टवेअरने पाकीट उघडून ओळखलंच नव्हतं. त्याने फक्त दाराचा नंबर बघितला आणि त्या दाराशी साधारण कोण राहतं ते लिहिलं. आतलं काही जुळेना, म्हणून प्रत्येक ओळीवर 'पुढची माहिती चालू' असं लिहून वेळ मारून नेली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी 'असेल काही' म्हटलं.

पण कॅमेऱ्याला हा असला नंबर दिला कोणी? ज्याने रेकॉर्डर बसवलं त्या नंदुरबारच्या माणसाला फोन केला. म्हणाला, "ताई, नेहमीचा नंबर ठेवला की कोणीपण घुसतं. म्हणून तिथल्या काकांना म्हटलं, तुमच्या लक्षात राहील असा कोणताही चार आकडी नंबर सांगा. त्यांनी फटकन सांगितला."

दोन वर्षं मी त्या गाडीवर बसतेय. दोन वर्षं तो नंबर रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच दारात येऊन उभा राहिला. अहवालात तो मी माझ्या हाताने लिहिला, तरी ओळखला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

भाऊंना सगळं सांगितलं. अर्धा तास लागला. दाराचा नंबर, कॅमेरा, टीव्ही, गाडी, सगळं. त्यांनी नीट ऐकलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "कॅमेरा चालू व्हयना ना?"

"हो."

"मंग झायं."

"पण काकांनी काहीच केलं नव्हतं, भाऊ. त्यांना परत बोलवायला पाहिजे."

"आते नवनीत बठी गया तठे. त्याले काय सांगू? आनि गाना तर त्याच ऐकेत ना, तोंडथून कबूल करं त्यास्नी." मग माझ्याकडे मायेने बघून म्हणाले, "तू नवी शे. चुका व्हतस. मी कोनले सांगाव नही."

म्हणजे माझी चूक ते झाकून ठेवणार आहेत. मला ती झाकायची नाहीये. पण हे त्यांना कळेल अशा शब्दांत मला सांगताच आलं नाही. घाबरले असेन. भाऊंना नवनीतला काढणंही जिवावर येत असेल, घरचाच माणूस. ऐन वेळी तो हाताशी होता हे तरी नशीब.

१९ जानेवारी, रविवार

काकांकडे गेले. काका ओट्यावर होते, तापीकाकू आत. काकूंनी मला बस म्हटलं नाही.

मी काकांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. रडले. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून ऐकत होते. म्हणाले, "म्हनजे मन्हा गाडीना नंबरमुळे व्हयनं?"

"तुमच्या नंबरमुळे नाही काका, माझ्यामुळे."

"नही, नंबर तर मीच देयेल व्हता." मग बराच वेळ गाडीकडे बघत बसले. मी चूक कोणाची ते परत सांगायला लागले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बेटा. तू जीवले लाई लेऊ नको."

निघताना काकू दारात आल्या. "तुन्हा काका गावमा जातस नही आते," एवढंच म्हणाल्या. "पोरे ईचारतस, आज कोनता पिक्चर शे."

२२ जानेवारी, बुधवार

दुसरा अहवाल लिहिला, तीन पानी. दोन्ही वेळच्या पाकिटांची चित्रं, कुठे काय बघायचं त्याला लाल गोल, शेवटी सरळ वाक्य: पहिला अहवाल चुकीचा होता, चूक माझी होती, रूपचंद यांचा काही संबंध नाही. सही केली. ग्रुपवर टाकला आणि रंजिता मॅडमना मेल केला.

ग्रुपवर दोन जणांनी अंगठा दिला. बाकी कोणी तीन पानं उघडली असतील असं वाटत नाही. टॉरेंट हा शब्द सगळ्यांना एका दिवसात पाठ झाला होता. 'ते टॉरेंट नव्हतं' हे कळायला तीन पानं वाचावी लागतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

मॅडमचं उत्तर आलं. चांगल्या भाषेत आहे. एकाच व्यक्तीच्या सहीचे दोन परस्परविरोधी अहवाल आमच्याकडे आले आहेत, संबंधित कर्मचाऱ्याला आपल्या व्यवस्थापनाने आधीच कमी केले आहे, त्यामुळे आमच्या बाजूने विषय बंद समजावा.

कुणाला किती वेळा सांगू? मी फोन केला. त्या म्हणाल्या, "दामिनी, मला तुमचं पटतंय. पण मी काय करू शकते ते सांगा."  मग म्हणाल्या, "ते काका फोनवर जे असेल ते सांगायचे. आता फोन केला की नेहमी साडेतेराच असतं." मी म्हटलं, हो, नवनीत व्यवस्थित काम करतो. त्या म्हणाल्या, "नेहमी साडेतेरा, दामिनी," आणि फोन ठेवला.

२७ जानेवारी, सोमवार

दळण आणायला गेले होते. गिरणीवर चार बायका होत्या, त्यांना मी स्वतःहून सांगायला लागले. काकांचं काही नव्हतं, तो कॅमेरा होता, माझी चूक झाली. पीठ उडत होतं, गिरणीचा आवाज, मी ओरडून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं. डबा उचलून वळले तर मागून आवाज आला, "घरनीच आंडेर शे ना. काकाले वाचाडी ऱ्हायनी."

काकांच्या विरुद्ध लिहिलं तेव्हा एका सहीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला. बघा, सोताच्या काकालाही सोडलं नाही. आता तीच मी, तीच सही, आणि घरचीच लेक काकाला वाचवतेय म्हणून खोटी. मला इतका राग आला की डबा तिथेच फेकावासा वाटला. पण राग कोणावर काढू? मी परकी असते तर मीही तसाच विचार केला असता. गिरणीवरच्या बायकांसारखाच.

३० जानेवारी, गुरुवार

भाऊंकडे नोकरी सोडण्याची चिठ्ठी दिली. त्यांनी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, प्रिंटर बघ जरा. आईला सांगितलं तर म्हणाली, "तू घर बठीसन त्यासले काय मियी?" खरंच आहे. मी सोडली तर काकांना काही परत मिळत नाही. राहिले तर रोज त्या टेबलासमोरून जायचं. दुपारी प्रिंटर दुरुस्त केला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले. ठरवलं होतं, शब्दांनी नाही तर दाखवूनच सांगायचं. ओट्यावर लॅपटॉप मांडला, ती पाकिटं उघडली, कोल्डरूम दोन ही अक्षरं बोटाने दाखवली. त्यांना इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचता येतात. त्यांनी वाचलं. काकूही मागे येऊन उभ्या राहिल्या.

काका खूप बारीक झालेत. दाढी वाढलीये. सगळं बघून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, काकूंना ऐकू जाऊ नये असं, "बेटा, एक सांग. गाना लावतालावता मन्हा हातथून काही दबाई गयं व्हई का? माले समजनं नही आनि तठे तसलं काही चालू व्हई गयं, असं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. गेले वीस दिवस ते हेच आठवत बसले होते. कोणतं बटण दाबलं, कधी दाबलं. लोक म्हणतात, कॉम्प्युटर म्हणतो, पुतणी सहीने म्हणते, म्हणजे आपल्या हातून झालंच असणार, आपल्यालाच ते आठवत नाही.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "नही काका. तुमना हातथून काहीच व्हयेल नही शे. काहीच नही. मी सांगस ना."

त्यांनी मान हलवली. आजारी माणूस औषध घेताना हलवतो तशी, समोरच्याचं मन राखायला.

"तू सांगस तर नही व्हयनं व्हई," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "पन पहिले बी तूच सांगेल व्हतं ना?"